रजेच्या अर्जात न लिहिलेले कारण

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा आमच्या ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलावर पाण्याची बाटली दिसे. माझ्याही टेबलावर असे. फरक इतकाच की माझी बाटली संध्याकाळी जवळजवळ भरलेलीच घरी परत जाई. दुसऱ्या बाळंतपणानंतर खोकले, शिंकले, जिना चढले की लघवी निसटू लागली होती. पुढे पुढे तर घाई झाली की दारापर्यंत पोहोचेपर्यंत धीर धरवत नसे. त्यावर मी शोधलेला उपाय म्हणजे पाणीच न पिणे. गडद रंगाच्या साड्या, पिशवीत घडी करून ठेवलेला जादा परकर, बैठकीत दाराशेजारची खुर्ची हे त्याच उपायाचे पुढचे भाग. रजेच्या अर्जात 'ताप', 'पाहुणे', 'घरगुती अडचण' अशी कारणे आलटूनपालटून येत. खरे कारण नऊ वर्षांत एकदाही लिहिले नाही.

या लेखाचा विषय मुख्यतः ते न लिहिलेले कारण हा आहे. आजाराबद्दल थोडे सांगावे लागेलच. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न. हे नोकरी देणाऱ्याला आणि मित्रमैत्रिणींना सांगावे का, किती सांगावे, आणि न सांगितल्याने काय होते?

शब्दांपासून अडचण

पहिली अडचण भाषेची. या त्रासाला घरगुती मराठीत जे शब्द आहेत ते लहान मुलांचे आहेत. 'शू झाली', 'अंथरूण ओले केले' हे आपण तीन वर्षांच्या पोराबद्दल म्हणतो. चाळिशीतल्या बाईने किंवा सत्तरीतल्या आजोबांनी स्वतःबद्दल तेच म्हणायचे तर पुन्हा लहान मूल व्हावे लागते. दुसरीकडे पाठ्यपुस्तकी शब्द आहे 'मूत्र-असंयम'. त्यात 'संयम' बसलेला आहे. संयम ही गुणाची गोष्ट, तेव्हा असंयम हा दोष ठरतो. एका शब्दात आपण बाळ असतो आणि दुसऱ्यात दोषी. म्हणून या लेखात मी साधे 'गळती' आणि 'ताबा सुटणे' हेच शब्द वापरते. नळाच्या गळतीबद्दल कोणी नळाला बोल लावत नाही.

मूत्रविकारांचा अभ्यास करणारी 'इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटी' ही संस्था १९७१ मध्ये स्थापन झाली. तिने २००२ मध्ये जी व्याख्या स्वीकारली ती अगदी साधी आहे : इच्छेविरुद्ध लघवी गळण्याची कोणतीही तक्रार. 'कोणतीही' हा शब्द महत्त्वाचा आहे. दिवसाला दोन थेंब गळणे हेही त्यात आले. 'इतक्याशासाठी काय डॉक्टरकडे जायचे' या विचाराला व्याख्येतच जागा ठेवलेली नाही.

हे होते कसे

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी. तिच्या तोंडाशी आवळणारा स्नायू असतो आणि खालून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू झोळीसारखा आधार देतात. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते. पाळी गेल्यानंतरचे बदल, वाढलेले वजन, वर्षानुवर्षांचा खोकला किंवा बद्धकोष्ठ, जड ओझी उचलणे यांनी ती आणखी सैल पडते. मग शिंक आली, पोटात दाब वाढला की थेंब निसटतात. ही ताणाची गळती. दुसऱ्या प्रकारात पिशवी पुरती भरायच्या आधीच तिचे स्नायू आकसतात आणि अनावर घाई होते. ही घाईची गळती. तिसऱ्यात पिशवी नीट रिकामीच होत नाही आणि भरलेल्या माठासारखी वरून वाहते. वाढलेल्या प्रोस्टेटमुळे पुरुषांत आणि जुन्या मधुमेहात हे दिसते. अनेकांत दोन प्रकार एकत्र असतात. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर, पक्षाघातानंतर, पार्किन्सनमध्ये किंवा पाठीच्या कण्याच्या इजेनंतर तरुण पुरुषांचाही ताबा सुटू शकतो. तेव्हा हा 'बायकांचा आजार' नव्हे. बायकांत तो जास्त आढळतो, एवढेच.

उपाय आहेत. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम मांडला. वायू किंवा लघवी रोखताना जे स्नायू आपण आत ओढतो तेच आवळायचे, काही सेकंद धरायचे, सोडायचे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात १४ देशांतल्या १,८१७ स्त्रियांवरच्या ३१ चाचण्या तपासल्या गेल्या. ताणाच्या गळतीबाबत जे आकडे हाती आले त्यांत व्यायाम करणाऱ्यांपैकी ५६ टक्के स्त्रियांनी गळती बरी झाल्याचे सांगितले. व्यायाम न करणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. घाईच्या गळतीसाठी दोन खेपांमधले अंतर हळूहळू वाढवण्याचे शिक्षण आणि औषधे आहेत. काहींसाठी शस्त्रक्रिया आहे. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधल्या एम्सच्या स्त्रीरोग विभागात किंवा सुपरच्या मूत्रविकार विभागात यासाठी जाता येते. लघवीतून रक्त जात असेल, ताप येत असेल, लघवी अडली असेल, किंवा ताबा अचानक सुटून पाय वा मांड्यांमधला भाग बधिर झाला असेल तर मात्र थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आणि माझा तो पाणी न पिण्याचा उपाय? तो उलटा होता. पाणी कमी पडले की लघवी दाट होते, दाट लघवी मूत्राशयाला चुरचुरते आणि घाई वाढते. बद्धकोष्ठ होते, त्याचा दाब खाली येतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात तर मुतखडा आणि जंतुसंसर्ग यांना आमंत्रणच. मला दोन उन्हाळे लागोपाठ जंतुसंसर्ग झाला, तेव्हा कुठे मी डॉक्टरांसमोर तोंड उघडले.

झाकण्याचे श्रम

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांचे 'स्टिग्मा' हे पुस्तक १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी एक उपयोगी फरक केला आहे. काहींची उणीव लोकांना दिसतेच. त्यांचा प्रश्न असतो लोकांच्या नजरेला तोंड देण्याचा. काहींची उणीव दिसत नाही, पण उघडी पडू शकते. त्यांचा प्रश्न असतो माहितीवर पहारा ठेवण्याचा. कोणाला कळले आहे, कोणाला कळू शकते, कुठे बसायचे, कुठल्या प्रवासाला नाही म्हणायचे, याचा हिशोब डोक्यात सतत चालू ठेवावा लागतो. ताबा सुटलेला माणूस या दुसऱ्या गटात येतो. त्याचा दिवस गळतीपेक्षा पहाऱ्यातच जास्त जातो. अमुक बाजारात स्वच्छतागृह कुठे आहे, बसचा पुढचा थांबा किती वेळाने, लग्नाच्या हॉलमध्ये मागचे दार कुठे, हे त्याला पाठ असते.

हा पहारा एकट्याने द्यावा लागतो आणि त्याची फारशी नोंदही होत नाही. न सांगितलेली गोष्ट किती मोठी असू शकते याचे विदर्भातले उदाहरण प्रसिद्ध आहे. नागपूरच्या मेडिकलमधून शिकलेल्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वासा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, दर स्त्रीमागे सरासरी ३.६ रोग निघाले, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास गळतीपुरता नव्हता. पण त्याने एक गोष्ट दाखवून दिली : तक्रार कानावर येत नाही म्हणजे दुखणे नाही, असे नसते. विचारणारे कोणी आले, तपासायला बंद दाराची खोली मिळाली, तेव्हा बायका बोलल्या.

कचेरीत काय सांगावे

आता नोकरीकडे येऊ. 'सांगावे की लपवावे' असा प्रश्न टाकला की माणूस अडकतो, कारण दोन्ही टोके भीतिदायक आहेत. मधला रस्ता असा : डॉक्टरांना सगळे सांगावे आणि साहेबांना गरज सांगावी. आजाराचे नाव सांगणे आणि गरज सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नऊ वर्षांनी मी जे सांगितले ते जवळजवळ असे होते : "सर, मला एक जुना शारीरिक त्रास आहे, उपचार चालू आहेत. दर दीड-दोन तासांनी मला पाच मिनिटे उठावे लागते. दाराजवळचे टेबल मिळाले तर कामात खंड पडणार नाही. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आणली आहे." त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी करून परत दिली, आणि सोमवारी टेबल हलले. जाताना एवढेच म्हणाले, "मॅडम, आम्हाला वाटायचं तुमचं कामात मन नाही." नऊ वर्षे मी सारखी उठत होते ते साऱ्यांनी पाहिले होते, आणि कारण माहीत नसल्याने त्यांनी आपापले कारण लावले होते.

सगळीकडे असे सुरळीत होईल असे मी म्हणणार नाही. म्हणून काही पथ्ये. ज्या दिवशी फजिती झाली त्याच दिवशी, रडवेल्या अवस्थेत सांगू नये. शांत दिवस निवडावा. निर्णय घेऊ शकेल अशा एकाच व्यक्तीला सांगावे. शेजारच्या टेबलाला सांगितलेले आठवड्यात कँटीनपर्यंत जाते. मागणी नेमकी असावी : जागा, वेळ, खेप बदलणे, लांबचा दौरा टाळणे किंवा दौऱ्यात थांबे ठरवून घेणे. बोललेले दोन ओळींत लेखी द्यावे आणि त्याची प्रत ठेवावी. चिठ्ठीत रोगाचे नाव न घालता गरज लिहा, असे डॉक्टरांना सांगता येते. रुग्णाची गुपिते फोडू नयेत असे बंधन डॉक्टरांवर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने घातले आहे. नोकरीच्या मुलाखतीत आपणहून विषय काढण्याची गरज नसते. पण आरोग्याच्या छापील फॉर्ममध्ये थेट प्रश्न असेल तर खोटे लिहू नये, ते पुढे अंगाशी येते.

कायदा किती साथ देतो? मर्यादित, पण देतो. दुकाने व आस्थापनांसाठीच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने ठरावीक संख्येइतके किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर पुरेशा स्वच्छतागृहांची जबाबदारी टाकली आहे, आणि जागेची अडचण असेल तिथे अनेक मालकांनी मिळून सामायिक सोय करण्याची मुभा दिली आहे. सीताबर्डी-इतवारीतल्या दाटीवाटीच्या दुकानांसाठी ही तरतूद फार कामाची आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या यादीत २१ प्रकार आहेत. गळती हा स्वतंत्र प्रकार त्यांत नाही. मात्र ज्यांच्यामुळे ती होते ते पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस आहेत. याच कायद्यात 'वाजवी सोय' ही कल्पना आहे : मालकावर अवाजवी बोजा न पडता करता येतील असे आवश्यक फेरबदल. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तर त्या कारणाने कामावरून काढता येत नाही किंवा हुद्दा कमी करता येत नाही, असेही तो सांगतो. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार प्रकरणात निकाल दिला. लिहिताना हात आखडणाऱ्या त्या परीक्षार्थीचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या उंबरठ्याखाली होते, तरी त्याला लेखनिक मिळाला. टक्के कमी म्हणून सोय नाकारता येणार नाही, हा त्या निकालाचा अर्थ गळतीने त्रासलेल्या कर्मचाऱ्यालाही आधार देऊ शकतो. १५ जानेवारी २०२५ रोजी त्याच न्यायालयाने देशभरच्या न्यायालयांत सर्वांसाठी स्वच्छतागृहे हवीत असा आदेश देताना ही सोय प्रतिष्ठेने जगण्याच्या हक्काशी जोडली.

जिथे सांगणे परवडत नाही

माझ्याजवळ महिन्याचा पगार होता आणि चिठ्ठी वाचणारे साहेब होते. सगळ्यांजवळ हे नसते. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची गोष्ट २०१९ मध्ये साऱ्या देशापुढे आली. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. कामाचा खाडा पडला की दंड. फडावर ना संडास, ना आडोसा. अंगावरून जाणे, पाळीचा त्रास, ओटीपोटाचे दुखणे हे मुकादमाला सांगून उपयोग नव्हता. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कारणे अनेक होती, त्यांत काही डॉक्टरांनी दाखवलेली कॅन्सरची भीतीही होती. पण ज्या कामात शरीराची अडचण सांगितली की मजुरी जाते, तिथे कामाऐवजी शरीरच कापले जाते, हे त्या आकड्यांत दिसते.

अशा ठिकाणी 'धीर करून सांगा' हा उपदेश निष्ठुर आहे. तिथे सांगायचे ते एकट्याने नव्हे, अनेकांनी मिळून. केरळात कोझिकोडच्या मिठाई गल्लीतल्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांना स्वच्छतागृह नव्हते, दिवसभर बसायलाही मनाई होती. त्या पाणी कमी पीत. शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी त्यांना 'पेनकूट्टू' या संघटनेत एकत्र आणले. सुरुवात झाली ती स्वच्छतागृहाच्या मागणीपासून. पुढे २०१८ मध्ये केरळने कायदा बदलून दुकानातल्या कामगारांना बसायला आसन देणे बंधनकारक केले. त्यांतल्या कोणा एकीला 'मला त्रास होतो' असे सांगावे लागले नाही. मुंबईतल्या संघटनांनी २०११ पासून चालवलेली 'राइट टू पी' मोहीमही याच वाटेने गेली. आणि आपल्या जंक्शनवरून रात्रंदिवस गाड्या नेणाऱ्या चालकांचे पाहा. भारतात प्रवासी रेल्वे १८५३ मध्ये धावली. जैव-शौचालय असलेले पहिले इंजिन रुळावर आले २०१६ मध्ये.

यात रोगी नसलेल्यांचाही फायदा आहे. पाणी, कडी, खुंटी आणि झाकणाची कचरापेटी असलेले स्वच्छतागृह गरोदर बाईला लागते, मधुमेह्याला लागते, पाळी आलेल्या मुलीला लागते. कण्याची इजा झालेली अनेक माणसे दर चार-सहा तासांनी स्वच्छ नळीने स्वतः लघवी काढतात. जॅक लॅपिडेस यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या या पद्धतीने कित्येकांची मूत्रपिंडे वाचली आणि त्यांना घराबाहेर पडता आले. पण त्यासाठी कचेरीत हात धुण्याची जागा आणि आतून लागणारी कडी हवी. पुरुषांच्या स्वच्छतागृहातही झाकणाची कचरापेटी हवी. ती नसल्याने पॅड वापरणारे पुरुष ते पिशवीत घालून घरी नेतात.

मैत्रिणींना

मैत्रीत गरज आणि आजार यांची अशी वाटणी चालत नाही. तिथे माणूस कारण मागतो. आमचा सहा जणींचा गट. रामटेक, पचमढी, चिखलदरा, दर वर्षी कुठेतरी जायचे ठरे, आणि मी ऐनवेळी काहीतरी सांगून मागे राही. हळूहळू मला विचारणे बंद झाले. उपचार सुरू झाल्यावर गटातल्या सर्वांत जुन्या मैत्रिणीला घरी बोलावून मी सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं, मला वाटलं मी तुझ्याकडून पैसे घेतले होते ना, म्हणून तू मला टाळून राहिली." ते पैसे मी विसरूनही गेले होते. ती मात्र सहा वर्षे तो हिशोब मनात घेऊन फिरत होती.

साहेबांना माझे कामात मन नाही असे वाटले, मैत्रिणीला मी पैशांवरून रुसले असे वाटले. न सांगितलेल्या कारणाची जागा रिकामी राहत नाही. लोक ती भरतात, आणि ज्याच्या त्याच्या मनात जी भीती आधीपासून असते तिनेच भरतात. सांगायचे की नाही हे ठरवताना आपण 'सांगितले तर काय म्हणतील' एवढेच तोलतो. 'न सांगता ते आजच काय म्हणत असतील' हे दुसरे पारडे आपण कधी तोलत नाही.

मैत्रिणीला सांगताना दोन गोष्टी कामी आल्या. एक, सांगतानाच ऐकणारीला करण्यासारखे काम दिले : गाडी दर दीड तासाने थांबवायची आणि कारण कोणी विचारले तर चहा सांगायचा. नुसते दुःख ऐकून माणूस अवघडतो. काम मिळाले की मोकळा होतो. दुसरे, 'हे तुझ्याजवळच राहू दे, बाकीच्यांना मी सांगेन' हे स्पष्ट म्हटले. ऐकणाऱ्यासाठीही पथ्य आहे. चौकशी, घरगुती औषधे, 'माझ्या मावशीला पण' हे सगळे नंतर. आधी एवढेच विचारावे : मी काय करू?

व्यायामाने माझी ताणाची गळती बरीच कमी झाली. घाई अजून अधूनमधून होते. गेल्या हिवाळ्यात आम्ही पचमढीला गेलो. पाच तासांच्या वाटेत गाडी चारदा थांबली, चारदा चहा झाला. तिसऱ्या थांब्यावर गटातली आणखी एक जण माझ्यामागून उतरली आणि हळूच म्हणाली, "बरं झालं थांबवली." मी काही विचारले नाही. परतीच्या वाटेवर गाडी पाचदा थांबवायला सांगितली.